‘वावटळ’ नंबर पाचशे एक

प्रिय अहो,

जन्मभर तुम्हाला ‘अहो’ म्हणूनच हाक मारली, तेव्हा पत्रातही तेच. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि उखाणा ऐकायला आता इथं कोण बसलंय?

तुम्ही फौजेत होतात तेव्हा मी तुम्हाला नेमानं लिहायची. आंतर्देशीय पत्राच्या घडीवरसुद्धा चार ओळी कोंबायची. तुम्ही पेन्शन घेऊन सांगलीला विश्रामबागेत कायमचे राहायला आलात आणि ती सवय मोडली. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला कोण पत्र लिहितं? आज पुन्हा पेन हातात घेतलं, कारण बातमीच तशी आहे आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढचं काही करता येत नाही. तुमचं पहिलं यंत्र सापडलं.

लगेच उठून बसू नका! कुठं, कुणाकडे, ते मी सावकाश सांगणार आहे. तुम्ही भंगारच्या दुकानातून यायचात, हातपाय धुवायचात, चहा मागायचात, आणि काय सापडलं ते बशी खाली ठेवल्याशिवाय सांगायचा नाहीत. आज जरा तुम्ही थांबा.

तुमच्या नादाला लोक किती हसले! रिटायर झालेला फौजी ऊस लावतो, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतो. तुम्ही जुने व्हॅक्यूम क्लीनर गोळा करत सुटलात. तेही विलायती, चकचकीत नव्हेत. कराडला लागून असलेल्या मलकापुरात शामराव माने नावाच्या गृहस्थांनी एका शेडमध्ये बनवलेले ‘वावटळ’. कारखाना कधीच बंद पडला, कागदपत्रं गेली, स्वतः शामरावही गेले. उरली ती यंत्रं, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात. त्या यंत्रांकडे बघून तुम्ही कारखान्याचा सगळा इतिहास जुळवायला बसलात. कोणतं मॉडेल आधी, कोणतं नंतर, रंग राखाडीचा हिरवा कधी झाला, लाकडी चाकं जाऊन रबराची कधी आली.

मलाही शिकवायचात. स्विच डोक्यावर असेल तर यंत्र आधीचं, बगलेत असेल तर नंतरचं. पत्र्याच्या पट्टीवर कारखान्याचा फोन नंबर जितका लांब, तितकं यंत्र अलीकडचं. वायरीवर सुती वेष्टन असेल तर हात लावण्याआधी प्लग काढायचा. मी भाजी निवडत नुसती हं हं करायची. तुम्हाला वाटायचं, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. आता बघते तर सगळं पाठ आहे माझं!

आणि पुढच्या खोलीतली ती लांब फळी! पाहुण्यांनी यावं आणि देवघराऐवजी आधी झाडूयंत्रांचं दर्शन घ्यावं. डावीकडून उजवीकडे, नंबराप्रमाणे, पलटणीसारखी उभी केलेली. सगळ्यात डावीकडे एका यंत्राएवढी जागा तुम्ही मोकळी सोडली होतीत. तिथं काही ठेवायचं नाही. मी एकदा फुलदाणी ठेवली तर तुम्ही ती न बोलता उचलून टेबलावर नेलीत. ती एक नंबरची जागा होती.

एक नंबर! किती फिरलात हो त्याच्यासाठी. मिरजेतली भंगारची दुकानं झाली, साताऱ्यात पोवई नाक्याजवळचा जुना लॉज झाला, साखर कारखान्यांच्या विश्रामगृहांची अडगळ झाली. जे यंत्र सापडेल त्याचा नंबर पाचशेच्या वर. पाचशेच्या आतलं एकही नाही. मग तुमचे तर्क सुरू व्हायचे. पहिली पाचशे एकगठ्ठा मिलिटरीनं घेतली असणार. नाहीतर ती निराळ्याच मॉडेलची होती, चालली नाहीत म्हणून शामरावांनी वितळवली. नाहीतर महापुरात गेली. सांगलीत एखादी गोष्ट सापडली नाही की महापुरात गेली म्हणायचं, सोपं पडतं.

आणि सगळ्यात लहान नंबर कुठल्या यंत्राचा होता? पाचशे एक. ते कुठं होतं? आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागं!

माझ्या वडिलांनी, दादांनी, आपल्या लग्नात दिलेलं. कराडच्या पेठेत कापडाचं दुकान चालवणारा माणूस लेकीला भांडी देतो, कपाट देतो. दादांनी भांडी दिली आणि वर हे दिलं. वऱ्हाडी मंडळींना वाटलं पिठाची चक्की आहे. तुम्ही मात्र जन्मभर माझी थट्टा केलीत. आपल्या लग्नाच्या सुमारास कारखान्याचे नंबर कुठल्या कुठं पुढं गेले होते, तेव्हा दादांना एवढ्या मागचं यंत्र मिळालं म्हणजे दुकानात पडून राहिलेला माल कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारला. “तुझ्या बापाला पडीक माल खपवला,” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! दिवाळीला ऐकलं, पाहुण्यांसमोर ऐकलं, दादा गेले त्या वर्षीही ऐकलं. तुम्ही हसत म्हणायचात, मीही हसायची. पण लागायचं हो. दादा कापडाचा एक वार घेताना सूत उन्हात धरून बघणारे. त्यांना कोण काय खपवणार?

म्हणून तर मी ते फळीवर ठेवू दिलं नाही. तुम्ही मागितलंत, दोनदा मागितलंत. मी म्हटलं, हे माझ्या माहेरचं आहे, शोभेला बसणार नाही, यानं मी घर झाडणार. तुम्ही मुकाट्यानं त्याच्या मोटरचे कार्बन बदलून दिलेत, नळीला पट्टी गुंडाळून दिलीत. दर रविवारी मी यंत्र फिरवायची आणि धुळीची थैली तुम्ही परसात नेऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी झाडायचात. आणि मग तुमच्या शिंका! एकामागून एक, अख्ख्या गल्लीला कळावं की आज रविवार. मी आतून ओरडायची, “तोंडाला फडकं बांधा!” तुम्ही कधी बांधलंत का? कधीच नाही.

शेवटी शेवटी, अंथरुणावर असताना, तुम्ही फाइल माझ्या हातात दिलीत. जेवढी जाडजूड फाइल, तेवढंच कमी बोलणं. शहाण्यासारखं शुद्ध बोलायची तुमची फौजी सवय त्या दिवशी गळून गेली होती, थेट गावाकडचं बोललात.

“शालन, एक नंबर गावल्याबिगार ह्ये कुनाला देऊ नगंस. अर्धा इतिहास खोट्यापरास वंगाळ.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण मला राग आला होता, तो आज सांगते. इतकी वर्षं खपून केलेलं काम, त्यावर स्वतःच कुलूप घातलंत आणि किल्ली अशा ठिकाणी टाकलीत की ती आहे की नाही हेही कुणाला माहीत नाही. आणि राखण कुणी करायची, तर मी!

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. मध्यंतरी कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एका सरांचा फोन आला. तुम्ही एकदा त्यांच्याकडे जाऊन फाइलबद्दल बोलला होतात म्हणे. कॉलेजात या भागातल्या जुन्या कारखानदारीची एक खोली करतायत. ‘वावटळ’साठी काचेचं एक कपाट ठेवलंय. तुमची फाइल हवी, छापून पुस्तिका काढू म्हणाले, आणि शेजारी एक यंत्र. कोणतं ते तुम्हीच ठरवा म्हणाले. मी सांगितलं, देता येणार नाही, काम अपुरं आहे. ते म्हणाले, दसऱ्यापर्यंत वाट बघतो, त्यानंतर कपाट दुसऱ्या कशाला द्यावं लागेल.

आपल्या नितीनला फोनवर सांगितलं तर म्हणाला, आई, देऊन टाक, बाबांना काय कळणार आहे? पोरगा वाईट नाही, पुण्यात त्याचे त्याला व्याप आहेत. पण मी फोन ठेवून दिला. तुम्हाला कळणार नाही म्हणून शब्द मोडायचा? मग तुम्ही सीमेवर असताना मी केलेले एवढे उपास काय तुम्हाला दिसत होते म्हणून केले?

तर मी काय केलं, फाइल वाचायला घेतली. पहिल्या पानापासून. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्या, तरी वाचली. मोटरवर किती पानं! पंख्याच्या पात्यांवर पानं, स्विचवर पानं, स्क्रूच्या आट्यांवरसुद्धा. कुणाकुणाला भेटलात तेही लिहिलंय. फोरमन, फिटर, मोटर गुंडाळणारा, रंगारी, टेम्पोवाला. शामरावांच्या घरी तर अनेकदा जाऊन आलात, त्यांच्या मुलाशी बोललात. आणि धुळीच्या थैलीवर? एक परिच्छेद! तोही पाचशे एकच्या थैलीचा. थैली मांजरपाटाची, हातशिलाईची, आणि तळाच्या शिवणीत काहीतरी टणक बसवलेलं आहे. ‘थैली ताठ लोंबावी म्हणून टोकाला दिलेला भार’, असं तुम्ही लिहिलंत. पुढच्या यंत्रांत हा भार नाही, तेव्हा खर्च वाचवण्यासाठी तो काढला असावा, असंही लिहिलंत.

मी ते वाचून थांबले. त्या थैलीला मी जन्मभर ठिगळं लावली. ती तुम्ही पाण्यात घालू दिली नाहीत, नुसती झाडायची, हा तुमचा कायदा. तळाची शिवण उसवून आत काय आहे ते बघू का, असं मी विचारलं होतं तेव्हा ‘मूळ शिवणीला हात लावायचा नाही’ म्हणून माझ्यावर डोळे वटारलेत. पण तो टाका माझ्या बोटांना पाठ आहे. पुढे एक, मागे अर्धा, मध्येच गाठ. कारखान्यातल्या बाप्याचा तो टाका नव्हे. घरात बसून, मांडीवर कापड घेऊन एका बाईनं घातलेला टाका आहे तो. मग ती बाई कोण? तुमच्या एवढ्या थोरल्या फाइलीत एकही बाई नाही!

थैली कुणी शिवली एवढंच विचारायला मी मलकापूरला निघाले. एक नंबर वगैरे माझ्या मनातही नव्हतं. यंत्र बरोबर घेतलं, म्हणजे दाखवून विचारता येईल. तुमच्या जुन्या किटबॅगेत बसलं, नळी तेवढी बाहेर. एसटीत बायकांना आता अर्धं तिकीट आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यावर तुम्ही कुरकुरायचातही. कंडक्टरनं बॅगेकडे बघून विचारलं, आजी, फवारणीचा पंप हाय का? मी म्हटलं, हो, पंपच आहे. इस्लामपूर येईपर्यंत शेजारची बाई मला उसाला लागलेल्या हुमणीवर औषध विचारत होती.

शामरावांच्या शेडमध्ये आता पिठाची गिरणी आहे. मुलगा गिऱ्हाइकाच्या डब्यात पीठ भरत होता, त्यानं मला मागच्या घराकडे पाठवलं. पडवीत बाजेवर शामरावांची बायको बसली होती. अक्काताई. नव्वदीला आलेली, पण कान आणि डोळे तल्लख. मी कुणाची कोण ते सांगितलं. त्यांना तुम्ही चांगले आठवत होतात! ते मिशीवालं मिलिटरी, चहात साखर कमी लागायची, म्हणाल्या. मी विचारलं, कारखान्याच्या थैल्या कोण शिवायचं?

“म्याच की,” त्या म्हणाल्या. “सुरवातीच्या समद्या म्याच. मागनं मग शेजारच्या बायका याया लागल्या.”

मग हे आमच्या ह्यांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

“त्यांनी मला कवा काय इचारलंच न्हाई. ते बाहीर बोलत बसायचं, मी आत चहा ठेवायची.”

अहो, तक्रारीचा सूरही नव्हता त्यांच्या आवाजात. पण मला काय वाटलं म्हणून सांगू! दर खेपेला तुम्ही त्या माउलीच्या हातचा चहा प्यालात. कप परत देताना ‘साखर बरोबर आहे’ एवढं सांगितलंत. जिल्हा पालथा घातलात, आणि जिथं विचारायचं तिथं कपबशी ठेवून उठून आलात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच ना?

मी किटबॅग उघडून यंत्र बाजेवर ठेवलं. अक्काताईंनी त्यावरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग थैलीला हात लावला आणि टाका बघितला. मान हलवली. म्हणाल्या, ह्ये माझंच. आणि तळ बघायचा म्हणून त्या थैली काढून उलटी करायला लागल्या.

मी त्यांचा हात धरला.

का धरला, ते मला आधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं, तुम्हालाही आत्ताच सांगतेय. तुम्ही पडलात त्याच्या आदल्या रविवारी मी घर झाडलं होतं. तुम्हाला बरं वाटत नव्हतं, थैली झाडायला पुढच्या रविवारी बघू म्हणालात. तो रविवार आलाच नाही. त्यानंतर मी यंत्र लावलं नाही आणि थैलीही झाडली नाही. केरसुणीनं झाडते आता. तुमच्या खुर्चीखालची, तुमच्या उशीपाशची, तुम्ही या घरात हिंडत होतात तेव्हाची धूळ आहे त्या थैलीत. धूळच ती, मला कळतं. पण ती टाकवली नाही माझ्याच्यानं. अक्काताईंना मी एवढंच म्हणाले, आत आमच्या ह्यांच्या वेळचं आहे.

त्या परक्या म्हातारीनं थैली तशीच सरळ केली. म्हणाल्या, “मग हितं नगं. घरी ने.” आणि बाहेरूनच तळाच्या शिवणीवर दोन बोटं फिरवली. त्या टणक गोष्टीशी बोटं थांबली. त्यांचा चेहरा असा उजळला, अहो, की मला तिथं सून होऊन आलेली पोर दिसली.

“हाय की! हळकुंड हाय माझं.”

हळकुंड! तुमचा ‘टोकाला दिलेला भार’! सांगलीत राहिलात, हळदीचे सौदे बघितलेत, पोती बघितलीत, आणि हळकुंड हाताला लागलं तर त्याचं वजन मोजलंत? मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

मग त्यांनी सांगितलं ते नीट ऐका. पहिलं यंत्र तयार झालं ते खंडेनवमीला. शेडमध्ये सगळी हत्यारं मांडली, मध्ये हे ठेवलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिल्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून अक्काताईंनी थैलीच्या तळाला हळकुंड शिवलं होतं. फक्त पहिल्याच्या. आणि मग पट्टीवर नंबर ठोकायची वेळ आली. शामराव एक ठोकायला निघाले, तर अक्काताईंनी अडवलं.

“म्या म्हनलं, आवं, एक नगा टाकू. गिऱ्हाईक म्हनंल ह्यांचं पहिलंच हाय, अजून हात बसला न्हाई. पाचशे टाका. पर नुसतं पाचशे बी नगं. आहेराला आपन शून्यावर थांबतो का? वर एक ठिवतोच की.”

कळलं का? पाचशे एक! पाकिटात घालतो तसं. एक ते पाचशे नंबरची यंत्रं वितळली नाहीत, मिलिटरीत गेली नाहीत, महापुरातही गेली नाहीत. ती कधी बनलीच नाहीत! आहेराचं पाकीट तुम्ही आयुष्यभर भरलंत, वर एक रुपया न विसरता ठेवलात. पण यंत्रावर तोच आकडा दिसला आणि तुम्ही मागच्या पाचशेंचा हिशेब मागत बसलात. शेडमधल्या माणसांनीही तुम्हाला सांगितलं नाही, कारण ती सगळी नंतर लागलेली. पट्टीवर जो नंबर येईल तो ठोकायचा, एवढंच त्यांना माहीत.

मी विचारलं, मग हे आमच्या दादांना कसं मिळालं? पूजेचं यंत्र शामराव विकणार नव्हते. तोवर ते घरातच, अक्काताईंच्या देवळीखाली ठेवलेलं असायचं. थैल्यांचा मांजरपाट दादांच्या दुकानातून यायचा. दादा एकदा मागच्या घरी आले, हे बघितलं आणि म्हणाले, लेकीचं लग्न ठरलंय, हे द्याल का? शेडमधली नवी यंत्रं होती, त्यांवर रंगही चांगला होता. दादा म्हणाले, ते नको, हेच.

“आमी न्हाई म्हनत हुतो,” अक्काताई म्हणाल्या. “तर तुजं वडील म्हनलं, ज्याला हळद लागलीया, तेच लेकीसंगं जाऊ द्या. मग काय बोलनार? दिलं.”

ऐकलंत ना? पडीक माल नव्हता हो तो. माझ्या दादांनी निवडून, मागून, शब्द टाकून आणलेलं होतं. मला ते कधी बोलले नाहीत, तुमची थट्टा ऐकून नुसते मिशीत हसायचे. आज तुम्ही दोघं एका ठिकाणी असाल तर आधी त्यांची माफी मागा. मी इथं ऐकायला बसलेय असं समजा.

परत येताना एसटीत किटबॅग मांडीवरच घेतली. कुणी काही विचारलं नाही. खिडकीतून उसाचे फड मागे पडत होते आणि मला सारखं वाटत होतं, घरी पोचल्यावर हे तुम्हाला सांगायचं, असं सांगायचं, मधे थांबायचं, चहा प्यायचा. कुलूप काढताना भान आलं. तुमची उणीव मला रोज भासते, पण त्या संध्याकाळी जशी भासली तशी तेराव्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या सरांना फोन केला. फाइल मिळेल म्हटलं, पुरी झाली. यंत्रही मिळेल, पहिलं. ते इतके खूष झाले की त्यांना नीट बोलता येईना. मग म्हणाले, काकू, काचेत ठेवायचं तर आतून स्वच्छ करून द्या, धूळ राहिली की कसर लागते. मी बरं म्हटलं.

फाइलीत मी तुमची एकही ओळ खोडलेली नाही. ‘टोकाला दिलेला भार’ आहे तिथंच आहे. वाचणारांनाही कळू दे, शहाणा माणूस कुठं अडतो ते. त्याच्यापुढं मी माझ्या अक्षरात एक पान जोडलंय. अक्काताईंचं नाव, हळकुंड, आहेराचा आकडा, आणि दादा. खाली माझी सही केली नाही. लिहिणारी कोण, ते टाक्यावरून ओळखतील.

आज रविवार. सकाळी थैली परसात नेली. कढीपत्त्याच्या बुंध्याशी उभी राहिले, बराच वेळ उभी राहिले. शेवटी म्हटलं, दुसरीकडे कुठं नाही टाकत, तुम्ही टाकायचात तिथंच टाकतेय. आणि झाडली. राखाडी, मऊ धूळ. त्यात तुमच्या शर्टाचं एक बटण निघालं, ते मी पदराला पुसून ठेवून घेतलंय. ते काही इतिहासात जात नाही. ते माझं.

फडकं बांधायचं मी विसरले. शिंक आली, मग दुसरी, तिसरी, तुमच्यासारखीच एकामागून एक. सवयीनं मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. आतून कुणी ओरडलं नाही. ओरडणारीच बाहेर उभी होती ना!

यंत्र आता पुढच्या खोलीत फळीवर आहे, अगदी डावीकडे, तुम्ही मोकळ्या सोडलेल्या जागेत. बरोब्बर बसलं, एक बोटही शिल्लक नाही. तुम्ही ती जागा मापून ठेवली होतीत, पण माप कुठल्या यंत्राचं घेतलं होतंत हो? घरात आधीपासून होतं त्याचंच ना? उद्या कॉलेजची माणसं येऊन ते घेऊन जातील. माझ्या माहेरचं शेवटचं काहीतरी घरातून जाणार, म्हणून सकाळपासून ते तीनदा पुसून काढलं. पण मी देणार. तुम्हाला शब्द दिलाय, आणि दादांची बाजूही चारचौघांत मांडली जायला हवी.

सरांना मी एक अट घातलीय आणि त्यांनी ती कबूल केलीय. तोच माझा तुम्हाला शब्द. दर खंडेनवमीला ते कपाट उघडायचं. मी जाईन, हातपाय चालतायत तोवर जाईन, अक्काताईंना येववलं तर त्यांनाही घेऊन जाईन. पाचशे एकला हळदकुंकू लावीन, प्लग लावून ती खोली त्यानंच झाडीन, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकवीन. आणि मग थैली बाहेर नेऊन झाडीन.

तोंडाला फडकं बांधून.

तुमची,
शालन